कुठंही न्या, पण इथून हलवा

टाचणीकाकूंना हे नाव पडायला दोन कारणं होती. एक तर त्या शिवणकाम करायच्या आणि कायम तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. ओठांच्या एका कोपऱ्यात टाचण्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सगळ्या गल्लीचा कारभार. दुसरं कारण असं, की टाचण्या काढून ठेवल्या तरी त्यांचं बोलणं टोचायचंच. कुणी म्हणालं, "काकू, गणवेश सैल झालाय हो," की म्हणायच्या, "गणवेश सैल नाही झाला, पोरगं रोडावलंय. खायला घाला त्याला." गिऱ्हाईक रागावून जायचं आणि पुढच्या आठवड्यात मुकाट्यानं दुसरं कापड घेऊन यायचं. कारण काकूंच्या हातची शिवण कधी उसवली नाही.

नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगी. काकूंनी रडायचं ते रडून घेतलं आणि मशीन खिडकीशी ओढलं. पुढची खोली दुकान, मधली खोली संसार, आणि सगळ्यात मागं एक अंधारी, गार खोली, जिच्या भिंतीला पलीकडच्या गोदामाची भिंत चिकटलेली. त्या घरात त्यांनी मुलीला वाढवलं. मुलगी काजं करायला शिकली, बटणं लावायला शिकली, आईला उलट बोलायलाही शिकली. आई टोचायची, लेक हसून सोडून द्यायची. दोघींचं छान चाललं होतं.

गोदाम पूर्वी लाकडाचं होतं. तेव्हा भिंतीपलीकडून करवतीचा आवाज यायचा आणि भुसा उडायचा, बाकी तक्रार नव्हती. मग लाकूडवाला म्हातारा झाला, त्याच्या मुलांनी जागा कुणाला तरी दिली, आणि एक दिवस ट्रकमधून पिंपं उतरायला लागली. निळी पिंपं, काळी पिंपं, काहींवर कवटीचं चित्र. आत काय, तर रंग पातळ करायचं थिनर, यंत्रं धुवायचं कसलंसं द्रावण, कुठलं तरी आम्ल. दूरच्या कारखान्यांचा माल, इथं नुसता साठवायचा. नगरपालिकेच्या परवान्यात मात्र लिहिलं होतं "किरकोळ माल". आता किरकोळ मालावर कवटी कशाला काढतात हे विचारायला कुणी गेलं नाही. गल्लीतल्या दोघाचौघांना तिथं हमालीचं काम मिळालं होतं, आणि ज्याच्या घरची चूल त्या पिंपांवर पेटते तो पिंपांना नावं कशी ठेवील?

वास यायचा. आधी गोडसर, पिकलेल्या फळासारखा, आणि मग घशात कडू. शिवून टांगलेल्या कपड्यांना तो धरायचा. काकूंनी कपडे मागच्या दोरीवरून पुढच्या दारात आणले. गिऱ्हाइकांना सांगायच्या, "दोन दिवस उन्हात घाला, नवं कापड आहे, निघेल वास." हे खोटं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. चालवून घेतलं.

मुलीचं लग्न पलीकडच्याच गल्लीतल्या वायरमनशी झालं. मुलगा शांत, कामसू, सासूला जरा घाबरून असणारा. जागेची अडचण होती म्हणून दोघं काकूंच्याच माळ्यावर राहायला आले. वर्षाच्या आत मुलीला दिवस गेले. टाचणीकाकूंच्या तोंडातल्या टाचण्या तेव्हा पहिल्यांदा गळून पडल्या म्हणतात, इतकं तोंडभरून त्या हसल्या.

तो उन्हाळा मेला फार वाईट होता. माळ्यावर पत्रा तापायचा. काकू लेकीला म्हणाल्या, "वर भाजून निघशील, खाली मागच्या खोलीत झोप, तिथं गारवा आहे." पोटुशी बाई, दुपारची झोप. कुठलीही आई हेच म्हणाली असती. हे मुद्दाम सांगायचं, कारण नंतर काकूंनी या एका वाक्यासाठी स्वतःला इतकं छळलं, की ऐकणाऱ्याला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटायचा.

त्या दुपारी गोदामातलं एक पिंप उन्हानं फुगलं आणि त्याचं झाकण उडालं. मोठा आवाज झाला नाही. नुसता भस्सकन आवाज, आणि मग भिंतीच्या वरच्या झरोक्यातून पांढरट धूर मागच्या खोलीत उतरला. काकू पुढं मशीनवर. मशीनच्या खडखडाटात त्यांना लेकीचा खोकला ऐकू आला नाही. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा त्यांचा पाय थांबला. गल्ली तोवर पळत सुटली होती. समोरच्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड ओढलं, बादलीत बुचकळलं, तोंडाला गुंडाळलं आणि काकूंच्या मागोमाग आत घुसला. दोघांनी मिळून मुलीला बाहेर काढलं. ती शुद्धीवर होती, पण तिला श्वास घेता येत नव्हता.

आगीचा बंब आला, पाणी मारून गेला. गोदामाच्या मालकानं घरटी फळांची पिशवी पाठवली. बहुतेकांनी घेतली. काकूंनी पिशवी तशीच गटारात उलटी केली.

मूल गेलं. काही दिवसांनी, दवाखान्यात. डॉक्टर चांगला माणूस होता, त्यानं उगाच छातीठोक काही सांगितलं नाही. म्हणाला, "धुरामुळंच गेलं असं मला म्हणता येणार नाही. नाहीच गेलं असंही म्हणता येणार नाही. कधी कधी कारण नसतानाही जातं." मुलीनं भिंतीकडं तोंड केलं. काकू एरवी कुणालाही सोडत नसत, पण डॉक्टरला त्या काहीच बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मागच्या खोलीला कुलूप लावलं.

आणि मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. दोन्ही लेकीसाठी.

पहिली ही, की लेक-जावयाला तिथून घालवलं. गावाच्या टोकाला, जुन्या बस आगाराच्या पलीकडं नवीन वसाहत होत होती. छोटी बैठी घरं, मागं मोकळं रान. जावई कांकूं करत होता. "आई, तुम्ही एकट्या पडाल. शिवाय कामाला लांब पडेल." काकू म्हणाल्या, "मी एकटी पडले तर उठेन. तुम्ही हिला या वासातून न्या. तिकडं वारा आहे, आभाळ आहे. पोर वाढवायची तर तिकडं वाढवा." लेकीलाही आईला सोडून जायचं नव्हतं. काकूंनी स्वतः घर बघितलं, स्वतः पडदे शिवले, स्वतः सामान बांधून हातगाडीवर चढवलं. लेक वळून वळून बघत होती, तेव्हा ओरडल्या, "बघत काय बसलीस, गाडीवरचा आरसा फुटेल." आणि दार लावून घेतलं. दाराआड त्यांचं काय झालं ते न्हाव्याच्या बायकोनं ऐकलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, निदान बरेच दिवस.

टोकाच्या वसाहतीत मुलीला पुन्हा दिवस गेले, आणि मुलगी झाली. गुटगुटीत, रडकी, आजीच्या नाकाची. काकू रविवारी बसनं जायच्या आणि नातीला मागच्या पायरीवर घेऊन बसायच्या. समोर रान, वर आभाळ. "घे, वारा खा," म्हणायच्या. "फुकट आहे."

दुसरी गोष्ट म्हणजे त्या नगरपालिकेच्या मागं लागल्या. आता ज्यांनी कधी नगरपालिकेची पायरी चढली नाही त्यांना वाटेल, की अर्ज दिला, साहेबानं वाचला, निकाल लागला. तसं असतं तर काय हवं होतं. आरोग्यवाले म्हणाले, हे आगवाल्यांचं काम. आगवाले म्हणाले, परवानेवाल्यांना विचारा. परवानेवाला म्हणाला, परवाना आहे म्हणजे माल सुरक्षितच असणार, नाही तर परवाना दिला असता का? याची टोपी त्याला आणि त्याची टोपी याला. काकूंनी शिवण थांबवली नाही, पण दर सोमवारी दुकान बंद ठेवून त्या तिथल्या बाकावर जाऊन बसायला लागल्या. सोबत हातशिलाईचं काम न्यायच्या. शिपाई आधी हाकलायचा, मग पाणी द्यायला लागला, शेवटी स्वतःची फाटलेली पॅंट घेऊन आला.

गल्ली हळूहळू त्यांच्या मागं आली. सगळ्यात आधी न्हावी. तो खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाच्या गळ्याला वस्तरा लावून विचारायचा, "काय, सही करणार ना काकूंच्या अर्जावर?" नाही म्हणायची कुणाची छाती? हमालांच्या बायकाही लपूनछपून सह्या करून गेल्या.

अशी काही वर्षं गेली. नात चालायला लागली, बोलायला लागली. आणि एकदाची सुनावणी लागली.

आदल्या दिवशी वॉर्डाचा नगरसेवक गल्लीत आला. माणूस वाईट नव्हता, पण निवडणुका लढून लढून त्याला एक गोष्ट चांगली कळली होती, की सभागृहात हात कसे वर होतात. न्हाव्याच्या दुकानात बसून त्यानं सगळ्यांना समजावलं. "हे बघा, गोदाम बंद करा असं म्हणू नका. बंद म्हटलं की कामगारांचा प्रश्न येतो, धंद्याचा प्रश्न येतो, निम्मे सदस्य पाय मागं घेतात. हलवा म्हणा. हलवा म्हटलं की कुणाचंच नुकसान होत नाही. सगळे हात वर करतात." सगळ्यांना पटलं. काकूंनाही पटलं. इतक्या वर्षांत सरळ वाट दाखवणारा हाच पहिला भेटला होता.

सुनावणीला गल्ली लोटली. टोकाच्या वसाहतीतून लेकही आली, नातीला मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली. काकू उभ्या राहिल्या. बोलता येईल की नाही अशी धास्ती होती, पण तोंड उघडल्यावर सगळं सरळ आलं. वास, पिंपं, तो उन्हाळा. लेकीचं त्यांनी फक्त "घरात एक बाळंतपण बिघडलं" एवढंच सांगितलं. 

अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "तुमचं म्हणणं कळलं बाई. पण हलवायचं म्हणता, तर हलवायचं कुठं?"

काकू म्हणाल्या, "ते तुम्ही बघा साहेब. कुठंही न्या, पण इथून हलवा."

गल्लीनं टाळ्यांचा नुसता पाऊस पाडला. सगळ्यात जोरात लेकीनं वाजवल्या. अध्यक्षही हसले. "बाईंनी सोपं करून टाकलं," म्हणाले. ठराव झाला. एकही हात खाली राहिला नाही. नगरसेवकाचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं.

त्या दिवशी गल्लीत खुर्च्या बाहेर आल्या, चहाची पातेली चढली. न्हाव्यानं जाहीर केलं, की आज दाढी फुकट. काकूंनी कुलूप काढून मागची खोली झाडली, पण लगेच पुन्हा कुलूप लावलं. रात्री निजताना त्यांना वाटलं, आता मेलं तरी चालेल. असं वाटू नये माणसाला. दैव कान देऊन ऐकत असतं.

पुढच्याच महिन्यात जावयाचा फोन आला. एरवी तो फोन लेकीच्या हातात देऊन मोकळा व्हायचा. त्या दिवशी स्वतःच बोलला. "आई, तुम्ही जरा येऊन जाल का? इथं खांबावर नगरपालिकेचा कागद लावलाय."

काकू बसमधून उतरल्या त्या थेट मागच्या पायरीकडं गेल्या. रानात दोन माणसं टेप धरून उभी होती आणि तिसरा चुन्याची रेघ मारत होता. लेक पायरीवर बसली होती. काकूंनी त्या माणसांना विचारलं, "काय बांधताय हो?" रेघ मारणारा म्हणाला, "गोदाम. ते गावातलं धोक्याचं गोदाम आहे ना, ते इकडं येतंय. तिकडच्या लोकांनी फार धडपड केली म्हणे." काकू लेकीशेजारी पायरीवर बसल्या.  त्यांनी स्वतःच्या हातानं लेकीला इथं पाठवलं होतं आणि स्वतःच्या तोंडानं ती पिंपं तिच्या मागोमाग धाडली होती.

नात विचारत होती, "आजी, ते काय आखतायत? खेळायला का?" 

संध्याकाळ व्हायच्या आत काकू नगरसेवकाच्या दारात पोचल्या. त्यानं बसवलं, पाणी दिलं. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं तुमची लेक तिकडं आहे. पण तो वॉर्ड माझा नाही. आपल्या वॉर्डाचं काम झालं, आता तिकडच्यानं तिकडचं बघायचं."

"तिकडचे सांगतील काय?"

"तेच, जे आपण सांगितलं."

गल्लीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. काकू आल्या तर न्हावी आणि त्याची बायको आपल्या दुकानाच्या ओट्यावर वाट बघत बसलेली. आत दाराशी त्यांची सून उभी, पोट चांगलं दिसायला लागलेलं. न्हाव्याचे शब्द अडखळत होते. हा तोच माणूस, जो ओलं कापड गुंडाळून त्या धुरात शिरला होता.

"काकू, आम्हाला फार वाईट वाटतंय. देवाशप्पथ. पण एक विनंती आहे. तुम्ही आता तिकडं विरोधाला उभ्या राहू नका."

"का बरं?"

"कारण जागा नामंजूर झाली तर ते म्हणतील, मग राहू दे जिथं आहे तिथंच." त्यानं सुनेकडं बघितलं नाही, पण बघायची गरजच नव्हती. "दुकान समोर असलं तरी आमचंही घर गोदामाच्या पलीकडच्या भिंतीला लागूनच आहे."

काकूंना त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, हेच वाईट झालं. राग आला असता तर चार टोचून बोलता आलं असतं आणि छाती हलकी झाली असती. त्या एवढंच म्हणाल्या, "हिला दुपारी मागच्या बाजूला झोपू देऊ नका." आणि घरात गेल्या.

दुसऱ्या सुनावणीला टोकाच्या वसाहतीतली थोडीच माणसं आली. नवी वस्ती, कुणाची कुणाशी धड ओळख नाही. निम्मे तर कामावरून रजा मिळत नाही म्हणून आलेच नाहीत. काकूंची गल्ली मात्र पुन्हा आली होती. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी बोलायला नाव दिलं नाही. मागच्या रांगांत येऊन नुसते बसले. न्हाव्यानं सुनेला कडेच्या खुर्चीत, पंख्याखाली बसवलं होतं.

काकू बोलायला उठल्या. अध्यक्षांनी त्यांना लगेच ओळखलं. खरं तर त्यांच्या आवाजात आपुलकीच होती. "बाई, आज ज्या जागेचा विषय आहे तिथल्या तुम्ही रहिवासी नाही. आणि तुम्हीच तर भर सभेत सांगितलं होतं, कुठंही न्या म्हणून. आम्ही तुमचाच शब्द राखला की."

काही सदस्य हसले. त्यांना वाटलं विनोद झाला. काकू उभ्याच राहिल्या, हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. शेजारून लेक उठली आणि म्हणाली, "मी तिथली रहिवासी आहे. मी बोलते."

ती बोलली. ती दुपार, गार जमिनीवरची चटई, झरोक्यातून उतरलेला धूर. कुणाला हाक मारावी तर आवाज फुटेना. मग दवाखाना. आईनं सभेत जे एका वाक्यात गुंडाळलं होतं ते लेकीनं एकेक घडी उलगडून सांगितलं. मुलगा होता, हेही सांगितलं. काकूंना ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं लेकीनं त्यांनाही सांगितलं नव्हतं. काकू खाली बसल्या.

"आता माझी मुलगी आहे," लेक म्हणाली. "ती आणि ती होणारी भिंत, मधे आमची मोरी आणि एक पायरी. मला एवढंच सांगायचंय."

सभागृहात कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग जे विचारायचं तेच विचारलं. "ताई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण माल आहे, तो कुठं तरी ठेवावा लागणार. जुन्या जागेवर नको असा ठराव आहे. इथं नको म्हणता. मग तुम्हीच सांगा, कुठं नेऊ?"

लेकीनं मागं वळून बघितलं. सगळी गल्ली तिच्याकडं बघत होती. ही माणसं तिच्या लहानपणापासूनची. कुणी तिला खांद्यावर घेतलं होतं, कुणी तिच्या लग्नात वाढलं होतं. पंख्याखाली न्हाव्याची सून पोटावर हात ठेवून बसली होती.

तेवढ्यात काकूंचा आवाज आला. "जुन्या जागी ठेवा. तिथंच राहू दे. भिंत माझी आहे, माझी हरकत नाही."

मागं एकच गलका झाला. "तुमची एकटीची भिंत आहे का?" "आम्ही काय तुमच्यासाठी मरायचं?" एका हमालाची बायको रडायला लागली. न्हाव्यानं मान खाली घातली, आणि सगळ्यांच्या ओरडण्यापेक्षा काकूंना ते जास्त लागलं.

लेकीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, असं नको." मग अध्यक्षांकडं वळून म्हणाली, "मला नाही सांगता येत कुठं. मी कुठलंही नाव घेतलं तरी तिथं कुणीतरी असणार. कुठंच नको, एवढंच मला म्हणता येतं."

"कुठंच नको, अशी जागा नगरपालिकेकडं नाही हो ताई," अध्यक्ष म्हणाले. त्यांना हे म्हणताना आनंद झाला नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. विषय मताला टाकला. हात वर झाले. एकदोघांनी जरा उशिरा वर केले, एवढाच काय तो फरक.

बाहेर पायऱ्यांवर दोघी बराच वेळ बसून राहिल्या. गल्लीतली माणसं कडेनं उतरून गेली. कुणी थांबलं नाही. काकू म्हणाल्या, "शिव्या दे मला. एकदा तरी दे."

"कशाला? टाळ्या मीच सगळ्यात जोरात वाजवल्या होत्या."

"मला वाटलं होतं, कुठंतरी म्हणजे जिथं कुणी राहत नाही तिथं नेतील."

"मलाही तेच वाटलं होतं," लेक म्हणाली. मग दोघी रडल्या, रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर. काकूंना त्याची लाज वाटली नाही.

"तुम्ही तिघं माझ्याकडं परत या," काकू म्हणाल्या. "आता तिकडं साफ होईल."

"त्या घरात मला झोप लागेल का, आई?" लेकीनं विचारलं. काकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही. शिवाय टोकाच्या वसाहतीतलं घर आता घेणार कोण? आणि कुणी घेतलंच, तर त्याच्याही घरात पोरंबाळं असणारच. लेक हे बोलली नाही, पण काकूंना ते ऐकू आलं.

पिंपं हलली. जुन्या जागी फर्निचरचं मोठं दुकान झालं, गल्लीत पुन्हा लाकडाचा वास यायला लागला. न्हाव्याच्या सुनेला मुलगा झाला, सुखरूप. न्हावी पेढ्याचा पुडा घेऊन काकूंच्या दारात आला तर दाराला कुलूप. काकूंनी मशीन टेम्पोत घातलं होतं आणि त्या लेकीकडं राहायला गेल्या होत्या. गल्ली म्हणाली, म्हातारीला वेड लागलं, चांगलं घर सोडून आगीत जाऊन बसली. काकूंनी कुणाला काही समजावलं नाही. पिंप पुन्हा फुगलं तर त्या वेळी आपण पुढच्या खोलीत मशीन चालवत नसावं, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून त्यांनी मशीन मागच्या दाराशीच मांडलं, भिंतीकडं तोंड करून, आणि शिवता शिवता दर थोड्या वेळानं पाय थांबवून कान द्यायची सवय लावून घेतली. नातीला दुपारी त्या समोरच्या ओट्यावर झोपवायच्या आणि पंख्यानं वारा घालत बसायच्या.

अजून काही झालेलं नाही. होईलच असंही नाही. गोदामवाले म्हणतात, आता सगळं नियमानं आहे, झाकणं नवी आहेत. आता दर सोमवारी लेक नगरपालिकेच्या बाकावर जाऊन बसते.

परवा वसाहतीत नवीन राहायला आलेली एक बाई पडद्यांचं कापड घेऊन आली. बाई बोलकी होती. बसली, इकडंतिकडं बघितलं, नाक मुरडलं आणि विचारलं, "कसला हो हा वास येतो इथं?"

काकू तोंडातल्या टाचण्या काढत होत्या. मशीनशेजारी नात रिळाला दोरा गुंडाळत बसली होती. तिनं मान वर केली आणि शाळेत कुणी नाव विचारल्यावर सांगावं तितक्या सहज सांगितलं, "आमच्या घराचा."

स्वयंपाकघरात लेकीच्या भांड्यांचा आवाज थांबला. बाई हसली, म्हणाली, "गोड आहे हो पोरगी," आणि कापड पसरून खिडक्यांची मापं सांगायला लागली. काकूंनी टेप हातात घेतला. बाई मापं सांगत राहिली आणि काकूंना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.